फ्रँकलिन पार्कमधील सात माता

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात सेंट ऑगस्टीन नावाचे जुने शहर आहे. १५६५ साली स्पॅनिश लोकांनी ते वसविले. तेथे बाळाला अंगावर पाजणाऱ्या पवित्र मरियेचे एक छोटेखानी चॅपेल आहे. ‘नुएस्त्रा सेन्योरा दे ला लेचे इ बुएन पार्तो’ हे तिचे स्पॅनिश नाव. आपल्या भाषेत सांगायचे तर दुधाची आणि सुखरूप बाळंतपणाची माउली. या माउलीच्या नावातील ‘ला लेचे’, म्हणजे दूध, हे शब्द सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात कसे येऊन बसले, ती हकिगत आपल्या वाचकांना ठाऊक असावी असे आम्हांस वाटते; कारण ती मुळात धर्मग्रामातील कुटुंबांचीच हकिगत आहे.

१९५६ सालचा उन्हाळा. शिकागोजवळच्या एल्महर्स्ट येथे ‘ख्रिस्ती कुटुंब चळवळी’ची सहल गेली होती. मेरी व्हाइट आणि मेरियन टॉम्पसन या दोघी मैत्रिणी झाडाखाली बसून आपापल्या बाळांना पाजीत होत्या. दृश्य साधे, परंतु त्या काळच्या अमेरिकेत दुर्मीळ होते. एकामागून एक स्त्रिया जवळ आल्या आणि बहुतेकींचे म्हणणे एकच : आम्हांलाही पाजायचे होते, पण जमले नाही.

का जमले नाही? बाळंतपण घरातून रुग्णालयात गेले होते. बाळ वेगळ्या खोलीत, आई वेगळ्या खोलीत. घड्याळ पाहून दर चार तासांनी बाळ आईकडे आणायचे, मधल्या वेळी बाटली द्यायची. आईचे दूध मात्र घड्याळावर चालत नाही. बाळ जितके लुचते तितका पान्हा फुटतो. बाटलीने पोट भरले की लुचणे कमी होते, लुचणे कमी झाले की दूध आटते आणि मग ‘हिला दूधच नाही’ असा निर्वाळा दिला जातो. त्या सुमारास अमेरिकेत अंगावर पिणारी बाळे पाचांत जेमतेम एक होती. याहून मोठी हानी दुसरीच होती. बाटलीवर वाढलेल्या मुलीची आई तिला काय सांगणार? अनुभवाची साखळीच तुटली होती.

ती जोडण्यासाठी आणखी पाच जणी पुढे आल्या : एडविना फ्रोलिक, मेरी ॲन केरविन, मेरी ॲन काहिल, बेटी वॅग्नर आणि व्हायोला लेनन. सातही जणी कॅथलिक. फ्रोलिकबाईंना पहिले मूल छत्तिसाव्या वर्षी झाले. मेरी व्हाइट यांना पुढे अकरा मुले झाली. त्यांचे पती डॉ. ग्रेगरी व्हाइट यांचा वैद्यकीय आधार या मंडळाला होता. मंडळाचे नाव ‘ला लेचे लीग’ ठेवले, त्यातही एक गंमत आहे. ‘स्तन’ हा शब्द वर्तमानपत्रात छापणे तेव्हा असभ्य मानले जाई. स्पॅनिश नावाआड तो शब्द लपला आणि माउलीचे स्मरणही झाले!

१७ ऑक्टोबर १९५६ रोजी फ्रँकलिन पार्क गावात व्हाइट यांच्या दिवाणखान्यात पहिली सभा भरली. तेथे व्यासपीठ नव्हते, भाषण नव्हते. या पद्धतीचे मूळ आम्हांस फादर कार्डिन यांच्या ‘पाहा, पारखा, कृती करा’ या त्रिसूत्रीत दिसते. बेल्जियमच्या या धर्मगुरूने ती तरुण कामगारांसाठी घडविली, ख्रिस्ती कुटुंब चळवळीने ती घराघरांत नेली, आणि फ्रोलिकबाई तर विवाहापूर्वी कार्डिन यांच्याच युवा कामगार चळवळीत काम करीत होत्या. घरी बसून आपल्याच आयुष्याकडे पाहायचे, हे या स्त्रियांच्या अंगवळणी पडलेले होते. विषय एवढाच बदलला की आता मांडीवर बाळ होते. बाळाला कसे धरावे, रात्री किती वेळा पाजावे, स्तनाग्राला चीर पडली तर काय करावे, हे ज्या बाईने स्वतः सोसले तीच सांगे. टेलिफोन अवेळी वाजत, दुरून पत्रे येत. त्या उत्तरांतूनच १९५८ साली एक पुस्तिका तयार झाली आणि १९६३ साली तिचे मोठे पुस्तक झाले. १९७१ साली शिकागोच्या परिषदेत मोनॅकोच्या प्रिन्सेस ग्रेस यांनीही भाषण केले.

या मंडळाचे सगळेच आम्हांस पटते असे नाही. ते दीर्घकाळ गोऱ्या, मध्यमवर्गीय, घरी राहू शकणाऱ्या गृहिणींचे राहिले. बाळाला सोडून आईने कामावर जाऊ नये असा त्यांचा आग्रह असे. पोटासाठी जिला जावेच लागते तिला तो आग्रह बोचला असल्यास नवल नाही. ज्या वस्तीत गरज अधिक, तेथे हा दिवाणखाना पोहोचत नव्हता.

म्हणून पुढची पायरी महत्त्वाची. वस्तीतल्याच, मुले पाजलेल्या स्त्रिया निवडायच्या, त्यांना थोडे शिकवायचे आणि घरोघर पाठवायचे. इंग्रजीत त्यांना ‘पिअर कौन्सेलर’ म्हणतात. आम्ही ‘स्तन्यसखी’ म्हणू. मेक्सिको शहराच्या कडेच्या एका वस्तीत ‘ला लेचे लीग’ने शिकविलेल्या सख्यांनी हे काम केले, त्याचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. सखी सहा वेळा घरी गेली तेथे तीन महिन्यांच्या बाळांपैकी ६७ टक्के केवळ आईच्या दुधावर होती. तीन वेळा गेली तेथे ५० टक्के. गेलीच नाही तेथे अवघी १२ टक्के. ढाक्याचा २००० सालचा अभ्यास तर थक्क करणारा आहे. पंधरा भेटी मिळालेल्या मातांची पाचव्या महिन्यातील ७० टक्के बाळे केवळ आईच्या दुधावर होती, इतरांत ६ टक्के. औषध नाही, यंत्र नाही. शेजारची बाई दारात आली, एवढाच फरक. २००४ पासून अमेरिकेच्या सरकारनेही गरीब मातांसाठी अशा सख्यांना पैसे देऊन नेमण्यास आरंभ केला.

मुंबईतही या विचाराला वाट मिळाली. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली आणि अकाली जन्मलेल्या बाळांना दुसऱ्या मातांचे दूध मिळू लागले. पुढे १९९९ साली त्यांनी ‘स्नेहा’ ही संस्था काढून रुग्णालयाबाहेरच्या माताबालकांच्या आरोग्याला हात घातला.

आमच्या घरातील एक प्रसंग सांगून थांबतो. सून बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी एका रुग्णालयातून चिठ्ठीवर डबा लिहून मिळाला : दूध पुरत नाही. सुनेच्या आईने स्वतः बाटलीच वापरली होती, ती काय बोलणार? आमची आजी चीक ओतून टाकायला लावणाऱ्या पिढीतली, पण पाजायला कसे बसावे ते तिला ठाऊक होते. ती आता नाही. संध्याकाळच्या रोझरीनंतर शेजारच्या काकू आल्या. सूनबाईच्या पाठीला उशी लावली, बाळाचे पोट आईच्या पोटाला टेकविले, तोंड मोठे उघडेपर्यंत थांबल्या आणि मग त्याला छातीशी ओढले. बाळ लुचू लागले. काकू तासभर तशाच बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा आल्या. डबा फळीवर न फोडलेलाच होता.