देवाच्या दारातील दाम

रेल्वे येण्यापूर्वी काशी, गया किंवा जगन्नाथपुरीच्या यात्रेस निघणारा मनुष्य घरादाराची निरवानिरव करूनच पाऊल उचलीत असे. परत येऊ की नाही, याची त्याला शाश्वती नसे. सुखरूप परतला, तर तो मोठ्या थाटाने मावंदे घाली आणि सारा गाव त्या पंक्तीला जेवी. अशा मनुष्याच्या कनवटीला वर्षानुवर्षे साठविलेली पुंजी असे. गाव अनोळखी, भाषा परकी आणि मनात एकच धास्ती: एवढ्या दूर येऊन एखादा विधी अपुरा राहिला तर? तीर्थक्षेत्रांत यात्रेकरूंची जी लुबाडणूक शतकानुशतके होत आली, तिचा पाया या तीन गोष्टींत आहे. त्यांतही पहिल्या दोहोंपेक्षा तिसरी अधिक बलवान आहे.

येथे न्यायबुद्धी सोडून चालणार नाही. तीर्थोपाध्याय हा केवळ पैसे उकळणारा मनुष्य नव्हता. परमुलखात यात्रेकरूला उतरायला जागा देणारा, त्याची भाषा समजणारा, त्याच्याकडून विधी करवून घेणारा आणि आजारपणात त्याची विचारपूस करणारा तोच एक असे. त्याच्या वह्यांतून आलेल्या-गेलेल्यांची नावे, गावे व वंशावळी नोंदल्या गेल्या. आज त्या इतिहासाच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडतात. अशा सेवेचा मोबदला घेणे गैर नव्हे. प्रश्न निराळाच आहे. त्या मोबदल्याचा आकडा कोण ठरवितो आणि कोणत्या क्षणी ठरवितो, हा तो प्रश्न होय.

गयेचे उदाहरण पाहावे. तेथील विष्णुपद मंदिर इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांनी १७८७ साली नव्याने बांधविले, त्यामुळे मराठी मनाला ते जवळचे आहे. गयेस पितरांचे श्राद्ध करावयाचे, आणि त्याच्या शेवटी गयावळाने यात्रेकरूस ‘सुफल’ द्यावयाचे, म्हणजे यात्रा सफल झाल्याचा आशीर्वाद द्यावयाचा, अशी रीत आहे. जुन्या वर्णनांत आढळते ते असे की, यात्रेकरूचे हात फुलांच्या माळेने बांधले जात, मग दक्षिणेची बोलणी सुरू होत आणि आकडा मनासारखा ठरल्यावरच सुफल मिळे. ती माळ तोडायला बळ लागत नव्हते. तरीही ती तोडण्याचे धैर्य कोणाला होणार? पिंडदान झालेले आहे, पितर वाट पाहत आहेत, आणि एका शब्दासाठी सारे अडलेले आहे. जवळचे पैसे संपले असतील, तर पुढे पाठविण्याचे वचन लिहून घेतले जाई.

या व्यवहाराचे मर्म ‘यथाशक्ति’ या शब्दात सापडते. धर्मशास्त्राने हा शब्द गरिबाच्या रक्षणासाठी योजिला होता. ज्याची जेवढी ऐपत, तेवढे त्याने द्यावे. त्याहून अधिक कोणी मागू नये. परंतु शक्तीची मोजदाद देणाऱ्याच्या हातून घेणाऱ्याच्या हाती गेली की, त्याच शब्दाचे हत्यार बनते. ‘तुमच्या आजोबांनी एवढे दिले होते’ असे वही उघडून सांगितले की, नातवाची शक्ती आपोआप वाढते! बाजारात वस्तूचा भाव आधी कळतो आणि न पटल्यास गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानी जाते. येथे भाव शेवटी कळतो आणि त्या वेळी माघारी फिरण्याची वाट उरलेली नसते.

राज्यकर्त्यांनी यात काय केले? पुष्कळांनी स्वतःच हात पुढे केला. अकबराने १५६३ मध्ये यात्राकर उठविल्याची नोंद आहे. पण तो कर ठिकठिकाणी पुन्हा डोके वर काढीत राहिला. ओडिशा १७५१ पासून १८०३ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यांच्या राजवटीत पुरीच्या वेशीवरील अठरनाला पुलापाशी यात्रेकरूंकडून कर घेतला जाई. १८०३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने हा मुलूख जिंकला आणि १८०६ मध्ये तोच कर आपल्या कायद्याने बसविला. पुढे १८०९ च्या नियमांनी यात्रेकरूंचे वर्ग पाडण्यात आले. उत्तरेकडून येणाऱ्या ‘लाल’ यात्रेकरूस दहा रुपये, ‘निमलाल’ वर्गास पाच, ‘भुरंग’ वर्गास दोन. ‘पुंजतीर्थी’ या निर्धन वर्गास मात्र माफी. जास्त भरणाऱ्यास मंदिरात अधिक दिवस प्रवेश मिळे. दर्शनाची प्रतवारी आजची नाही, हे यावरून ध्यानात यावे.

या कराविरुद्ध इंग्लंडात मोठा गदारोळ झाला. त्यात मिशनरी मंडळी आघाडीवर होती. परंतु कंपनी सरकारने मूर्तिपूजेच्या उत्पन्नात वाटा घ्यावा, हेच त्यांना मुख्यतः सलत होते. यात्रेकरूच्या खिशाची चिंता त्या मानाने दुय्यम होती. १८४० मध्ये पुरी, गया व प्रयाग येथील कर रद्द झाला. सरकार बाजूला झाले. पंड्यांचे गुमास्ते गावोगाव हिंडून यात्रेकरू गोळा करीत राहिले. सरकारी कराचा आकडा निदान लिहिलेला तरी होता. त्यापलीकडे जे द्यावे लागे, त्याला ना दर होता, ना पावती.

आता आपल्या पंढरीकडे वळू. वारकऱ्याची भक्ती विधीवर अवलंबून नाही. गळ्यात तुळशीची माळ आणि मुखी नाम एवढे त्याला पुरते. वास्तविक अशा ठिकाणी मध्यस्थाला जागाच नसावी. तरीही विठ्ठलाच्या गाभाऱ्यात बडव्यांचा, रुक्मिणीमातेच्या गाभाऱ्यात उत्पातांचा आणि त्यांच्या जोडीला पुजारी, बेणारी, परिचारक इत्यादी सेवाधाऱ्यांचा वंशपरंपरागत हक्क चालत आला. देवापुढे येणारे उत्पन्न घेण्याच्या हक्काचा बडव्यांत लिलाव होत असे. या एका प्रथेतून पुढचे सारे ओघाने येते. ज्याने सर्वांत चढी बोली बोलून हक्क घेतला, त्याला ती रक्कम आलेल्या भाविकांकडूनच भरून काढावी लागणार. मनुष्य स्वभावाने सज्जन असला, तरी लिलावाची रक्कम त्याला स्वस्थ बसू देत नाही. मग ताटात पडणारे नाणे हे दान राहत नाही. ती गुंतविलेल्या पैशाची वसुली होते. नाणे लहान असेल तर भाविकाचे मस्तक पायांवर टेकते न टेकते तोच त्याला पुढे ढकलले जावे, यात नवल ते काय?

तक्रारी वाढल्या, तेव्हा महाराष्ट्र शासनाने १९६८ मध्ये न्या. नाडकर्णी यांचा आयोग नेमला. १९७० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून ‘पंढरपूर मंदिरे अधिनियम, १९७३’ जन्मास आला. वंशपरंपरेचे हक्क रद्द करून कारभार समितीकडे सोपवावा, हे त्याचे सूत्र. बडवे व उत्पात न्यायालयात गेले. पिढ्यान् पिढ्यांचा हक्क सहजी कोण सोडील? १९८५ मध्ये मंदिर समितीने कारभार हाती घेतला, पण हक्काचा वाद चालूच राहिला. अखेर जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर पडदा टाकला. १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणामुळे ज्या मंदिराचे दार हरिजनांना उघडले, त्याच्या गाभाऱ्यातील हिशेब स्वच्छ होण्यास आणखी सदुसष्ट वर्षे लागली.

पुरीचा प्रश्नही न्यायालयासमोर गेला. जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, सेवकांनी भाविकांकडून परस्पर पैसे घेऊ नयेत. जे अर्पण होईल ते सर्व जमा व्हावे व त्याचा हिशेब राहावा. तिरुपती, वैष्णोदेवी, सोमनाथ येथील व्यवस्थांचा अभ्यास करण्यासही न्यायालयाने सुचविले.

एवढ्याने फसवणूक संपली, असे कोणी समजू नये. आता तिने वेष बदलला आहे. विधी अपुरा राहण्याच्या भयाची जागा रांगेच्या भयाने घेतली आहे. दहा तास उभे राहण्याची ताकद नसलेल्या वृद्धाला ‘लवकर दर्शन करवून देतो’ म्हणणारा दलाल भेटतो. भक्तनिवासाच्या नावाने खोटी संकेतस्थळे निघतात आणि घरबसल्या खोली राखू पाहणारा माणूस पैसे गमावतो. जानेवारी २०२४ मध्ये अयोध्येतील प्राणप्रतिष्ठेपूर्वीच राममंदिराचा प्रसाद म्हणून साधी मिठाई ऑनलाइन विकली जात होती. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्याबद्दल नोटीस काढावी लागली.

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. पुजारी बदलला किंवा राज्य बदलले, एवढ्याने यात्रेकरू सुरक्षित होत नाही. तो सुरक्षित होतो तीन साध्या गोष्टींनी: भिंतीवर ठळक लिहिलेले दर, दिलेल्या प्रत्येक पैशाची पावती आणि कोणालाही पाहता येईल असा हिशेब. यांपैकी एक जरी सुटली, तरी माळ पुन्हा हाताभोवती पडते, मग ती फुलांची असो की रांगेची. यांखेरीज चौथी एक गोष्ट भाविकाच्या स्वतःच्या हाती आहे. आषाढीच्या गर्दीत गाभाऱ्यापर्यंत पोहोचता आले नाही, तर असंख्य वारकरी नामदेव पायरीला मस्तक टेकतात, कळसाला हात जोडतात आणि वारी पोहोचली म्हणून समाधानाने घरी परततात. कळस दुरूनही दिसतो आणि तो पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. ज्याला एवढे उमगले, त्याला ‘यथाशक्ति’ या शब्दाचा खरा अर्थ दुसऱ्याकडून विचारावा लागत नाही.