साचा खात्याचे बंद दार

“यंत्राला जात नसते” हे वाक्य हल्ली आम्हाला वारंवार ऐकवले जाते. कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता माणसाचे पूर्वग्रह संपले, निवड गुणांवरच होणार, असे सांगितले जाते. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, ते यावर हसतील.

यंत्रमाग वाफेवर चालो की विजेवर, त्याला खरोखरच जात नव्हती. पण धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार. एवढ्या कारणावरून स्पृश्य कामगारांनी अस्पृश्यांना साचा खात्यात, म्हणजे विणकामात, येऊ दिले नाही. पगार चांगला होता तो तिथेच. आमच्या लोकांच्या वाट्याला सूतकताईची कमी पगाराची कामे आली. हाताने सूत ओवता येणारा धोटा तोवर जगात निघालेला होता. म्हणजे अडचण तंत्राची नव्हतीच. मालकाला स्वस्त मजूर हवा होता, सोबत्याला विटाळ नको होता, आणि दोघांचे छान जमले होते.

१९२८ च्या सार्वत्रिक संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला: कामगारांची एकजूट म्हणता, मग साचा खाते सर्वांना खुले करण्याची मागणी का नाही? १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हाच अनुभव होता. तरीही ते यंत्राच्या विरोधात गेले नाहीत. गांधीजींचा यंत्रविरोध त्यांनी सपशेल नाकारला. दोष यंत्राचा नसून समाजरचनेचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून आम्हीही कृत्रिम बुद्धिमत्तेला शिव्या घालत नाही. चरख्याकडे परत जाण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी जावे.

पण हे नवे यंत्र जुन्या नोंदींवरून शिकते. अ‍ॅमेझॉनने नोकरीचे अर्ज छाननारे असे एक यंत्र बनवले. आधीच्या वर्षांतले बहुतेक अर्ज पुरुषांचे, म्हणून ते बायकांच्या अर्जांना कमी गुण देऊ लागले. कंपनीला ते गुंडाळावे लागले आणि २०१८ मध्ये ही गोष्ट जगाला कळली. त्याला कुणी स्त्रीद्वेष शिकवला नव्हता, जुने कागद पुरेसे झाले. आपल्याकडच्या जुन्या कागदांत आडनावे आहेत, वस्त्या आहेत, शाळा आहेत. जातीचा रकाना काढून टाकला तरी आडनाव आणि पत्ता बोलतातच.

१९२८ साली निदान दार दिसत होते. ते अडवणारा माणूस समोर उभा होता, त्याच्याशी भांडता येत होते, संप समितीला जाब विचारता येत होता. आज अर्ज नाकारल्याचा दोन ओळींचा संदेश मोबाइलवर येतो, खाली सही नसते. म्हणून आमची मागणी साधी आहे. नोकरी, कर्ज, शिष्यवृत्ती किंवा रेशन यंत्राने नाकारले, तर कारण लेखी मिळाले पाहिजे, आणि ज्याला उलट प्रश्न विचारता येईल असा एक जबाबदार माणूस नावानिशी समोर बसला पाहिजे. ही यंत्रे बनवणाऱ्यांत आणि तपासणाऱ्यांतही आमची मुले-मुली हवीत, ती नुसती डेटा भरायच्या खात्यात नकोत.