कुर्ल्याची पद्मिनी आणि कापलेली स्प्रिंग

रस्त्याला जवळजवळ घासत चाललेली प्रीमियर पद्मिनी रीलवर पाहिलीय ना? 'काय बसवलीय गाडी!' असं आपणही म्हणतो. आज या 'बसवण्या'चा इतिहास.

पद्मिनी आपल्या उपनगरातलीच. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. मूळ गाडी इटलीची फियाट ११००. 'पद्मिनी' हे नाव सत्तरच्या दशकातलं. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे कमानपाटे. टॅक्सी झाल्यावर आत माणसं, टपावर बोचकी, खाली आपले खड्डे. म्हणजे ही उंची कामाची.

गाडी खाली आणायची हौस बहरली लॉस एंजेलिसमध्ये. १९४० च्या दशकात तिथली मेक्सिकन-अमेरिकन पोरं डिकीत वाळूच्या गोणी टाकायची. मग स्प्रिंग कापणं आलं. पाठोपाठ कायदाही आला: १९५८ पासून कॅलिफोर्नियात गाडीची बॉडी चाकाच्या रिमखाली जाता कामा नये. त्यावर रॉन अगिरेनं १९५९ च्या सुमारास आपल्या कॉर्व्हेट स्पोर्ट्स कारला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलीस दिसले की गाडी वर, गेले की खाली!

आपल्याकडे पंप महाग, म्हणून घरीच जॅक लावून ग्राइंडर चालतो. इथेच घोळ होतो. वेढे कमी झाले की स्प्रिंग मऊ नाही, उलट कडक होते. शॉकअबला हलायला जागा उरत नाही. चाक लटकलं की आखूड स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. आणि दाबलेली स्प्रिंग काढताना सुटली, तर हात जायबंदी होतो.

त्यात नियमातला स्पीडब्रेकरही १० सेंटीमीटर उंच, बाकीच्यांचं तर बोलूच नका. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये सांगितलं.

योगायोग बघा. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅलिफोर्नियानं ती जुनी बंदी उठवायचा कायदा केला, आणि त्याच महिन्यात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. आता नवी पद्मिनी होणार नाही. अगिरेची गाडी बटण दाबलं की परत वर यायची. कापलेला वेढा मात्र परत जोडता येत नाही, मित्रांनो. ग्राइंडर उचलण्याआधी एवढं आठवा.

भेटू पुढच्या भागात!