रविवारचं कॉलेज

मागच्या आठवड्यात ऑफिसात चहाच्या वेळी एक जण कुणाचा तरी रेझ्युमे बघून हसला. "अरे, हा मुक्त विद्यापीठवाला आहे!" बाकीचेही हसले. मी गप्प बसलो. ते गप्प बसणं काही डोक्यातून जात नाहीये, म्हणून आजचा हा लेख.

थोडं मागे जाऊया. आमचा जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. तेव्हा विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया, १९१८ सालचं, आणि शिकवणं उर्दूतून. म्हणजे मराठी घरातल्या पोराला अंतर आडवं यायचं आणि भाषाही. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादेत सुरू झालं आणि अंतर साठेक किलोमीटरवर आलं. पण कॉलेज भरणार दिवसा. दिवसा ज्याच्यामागे शेत, कारखाना नाहीतर चूल आहे, त्याने काय करायचं?

हा प्रश्न बाबासाहेबांनी आधीच ओळखला होता. १९४६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ कॉलेजचे वर्ग सकाळी भरायचे, नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून. पुढे ब्रिटनमध्ये १९६९ ला मुक्त विद्यापीठ निघालं, १९८२ ला आंध्रात, १९८५ ला दिल्लीत इग्नू. आणि १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. पहिले कुलगुरू राम ताकवले, आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले.

त्यांची युक्ती साधी होती. गावोगावी इमारती बांधायच्या नाहीत. आहेत त्याच कॉलेजांत अभ्यासकेंद्रं काढायची, सुट्टीच्या दिवशी तास घ्यायचे, आणि एकट्याने वाचून समजेल अशी मराठी पुस्तकं द्यायची. बारावी नसेल तर पूर्वतयारीची परीक्षा देऊन पदवीला जायची सोय. ब्रीदवाक्य काय, तर 'ज्ञानगंगा घरोघरी'.

आमच्या घरी ती गंगा अंबड-जालना एसटीने आली. आईचं लग्न दहावीनंतर झालं. मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हा तिने पूर्वतयारी दिली, मग बी.ए. रविवारी पहाटे सगळ्यांचा स्वयंपाक करून ती जालन्याला जायची. संध्याकाळी मी गृहपिठ... आपलं, गृहपाठ करायचो आणि शेजारी ती तिचा. अभ्यास करताना शेजारी कुणी बसलेलं असणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. माझ्या इंजिनिअरिंगचा पाया तिथेच पडला, असं मी आज म्हणतो.

यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्टच सांगितलं, की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची. कागदावरचा प्रश्न मिटला. चहाच्या टेबलावरचा नाही मिटला.

असो. तो रेझ्युमे अजून नाकारलेला नाही. सोमवारी मी तो मागून घेणार आहे, आणि माझी आई कुठे शिकली तेही सांगणार आहे.