भिंतीवरचा देवमासा समुद्र वाचवू शकतो का?

देवमासा, कासव, प्रवाळ अशा समुद्री जीवांची चित्रं, शिल्पं किंवा मांडणशिल्पं करून समुद्र जपण्याचा संदेश देणारे कलाकार आज जगभर आहेत. समुद्राखाली काय चाललंय हे बहुतेकांना दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची काळजीही वाटत नाही. ही कला नेमकी तीच अडचण सोडवू पाहते.

सुरुवात कशी झाली?

जर्मन जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट हेकेल यांनी १८९९ ते १९०४ या काळात जेलीफिश आणि सूक्ष्म सागरी जीवांची देखणी चित्रं प्रसिद्ध केली. त्यामागचा हेतू शास्त्रीय होता. संवर्धनाचा संदेश ठळक झाला तो पुढे. अमेरिकी चित्रकार वायलंड यांनी १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातील लगुना बीच इथे भिंतीवर खऱ्या आकाराचे देवमासे रंगवले. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने देवमाशांची व्यापारी शिकार थांबवण्याचा निर्णय घेतला. तो काही एका चित्रामुळे झाला नाही, पण त्या काळी हा विषय लोकांच्या किती जवळ आला होता हे त्यातून कळतं. वायलंड यांची शंभर भिंतींची मालिका २००८ मध्ये बीजिंगला पूर्ण झाली.

महाराष्ट्रात असं काही झालंय का?

हो. मुंबईत कुलाब्याला १८७५ मधलं ससून डॉक आहे. मासळीचा लिलाव चालणाऱ्या या बंदरावर २०१७ च्या अखेरीस मोठं कलाप्रदर्शन भरलं होतं. त्यात सिंगापूरच्या कलाकार टॅन झी शी यांची ‘प्लास्टिक ओशन’ ही कलाकृती होती. वापरून फेकलेल्या प्लास्टिकच्या हजारो वस्तू छतापासून टांगलेल्या, आणि प्रेक्षक त्यांच्या खालून चालणार. म्हणजे कचऱ्याने भरलेला समुद्र माशाला खालून जसा दिसत असेल, तसा तो माणसाला दिसला.

हा धोका खरा आहे. समुद्री कासवं तरंगती पिशवी जेलीफिश समजून गिळतात, टाकून दिलेल्या जाळ्यांत अडकतात.

नुसती कला पुरेशी आहे का?

नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावात २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखतात. कासव महोत्सवाला येणारे पर्यटक गावातच घरगुती मुक्काम करतात, त्यातून गावाला उत्पन्न मिळतं. चित्र लक्ष वेधतं; अंडी मात्र कुणीतरी राखावीच लागतात.

चिकलठाण्याचा याच्याशी काय संबंध?

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्यात विमानतळ आहे, औद्योगिक वसाहत आहे, समुद्र नाही. पण इथून वाहणारी सुखना नदी गोदावरीच्या खोऱ्यातली आहे, आणि गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत धरणं आणि बंधारे आहेत, त्यामुळे नाल्यात पडलेली प्रत्येक पिशवी समुद्रापर्यंत पोहोचत नाही. जी अडकते ती नदीतच राहते, गुरांच्या पोटात जाते किंवा पुराची वाट पाहते.

राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ पासून आहे, काही एकल वापराच्या वस्तूंवर देशभर बंदी १ जुलै २०२२ पासून. भिंतीवर कासव रंगवायला मराठवाड्यातही हरकत नाही. फक्त त्या भिंतीखालचा नालाही स्वच्छ हवा.