दुसऱ्यांना जरब बसावी म्हणून

20 मे 1756. भूमध्य समुद्रात मिनॉर्का बेटाजवळ, 'रामिलीज' या ब्रिटिश युद्धनौकेच्या डेकवर तुम्ही उभे आहात. दुपार कलली आहे. बेटावरच्या सेंट फिलिप किल्ल्याला फ्रेंचांनी वेढा घातलाय आणि आत अडकलेल्या ब्रिटिश शिबंदीला सोडवायला हे आरमार आलंय. पुढच्या 'इन्ट्रेपिड'ची डोलकाठी गोळा लागून मोडते. ते जहाज भरकटतं, मागून येणारी जहाजं अडखळतात आणि रांग विस्कटते. शत्रू अजून तुमच्या तोफांच्या टप्प्याबाहेरच आहे.

शेजारी कॅप्टन गार्डिनर ॲडमिरल जॉन बिंग यांना सुचवतात, जादा शिडं लावून थेट चालून जाऊ या. बिंग नकार देतात आणि मॅथ्यूज यांचं नाव काढतात.

हे नाव नीट ऐका. 1744 साली तूलाँच्या लढाईत ॲडमिरल मॅथ्यूज रांग पुरती जुळण्याआधीच शत्रूवर तुटून पडले आणि लष्करी न्यायालयाने त्यांना बडतर्फ केलं. त्या न्यायालयात बिंग स्वतः बसले होते. रांग मोडली की काय होतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून आज ते रांग सांभाळतात आणि फ्रेंच जहाजं हातची निसटतात. चार दिवसांनी सगळे कॅप्टन एकत्र बसून जिब्राल्टरला परतायचं ठरवतात. जूनअखेर किल्ला पडतो.

आता लंडनला या. रस्त्यांत बिंग यांचे पुतळे जळताहेत. आरमार उशिरा धाडलं, जहाजांवर पुरेसे खलाशी दिले नाहीत, याचा जाब खरं तर मंत्र्यांना विचारायला हवा. पण त्यांना बळीचा बकरा मिळाला आहे.

27 जानेवारी 1757. पोर्ट्समथ बंदरातल्या 'सेंट जॉर्ज' जहाजावर बिंग यांच्यावरच्या खटल्याचा निकाल वाचला जातोय. भित्रेपणाचा आरोप टिकला नाही, फितुरीचाही नाही. दोष एवढाच, की प्रयत्नांची पराकाष्ठा केली नाही. पण 1749 च्या नियमांत या गुन्ह्याला देहदंडाशिवाय दुसरी शिक्षाच ठेवलेली नाही. न्यायासनावरच्या अधिकाऱ्यांचे हात बांधलेले आहेत. शिक्षा सुनावतात तेच एकमुखाने दयेची शिफारसही करतात. राजा दुसरा जॉर्ज ती मानत नाही.

14 मार्च, भर दुपार. 'मोनार्क'च्या डेकवर एक उशी ठेवली आहे. बिंग उशीवर गुडघे टेकतात. डोळे बांधायची त्यांची इच्छा नव्हती. पण त्यांच्या नजरेने शिपायांचे हात कापतील असं समजावल्यावर त्यांनी रुमाल बांधून घेतलाय. दुसरा रुमाल हातात आहे. तो खाली पडला की गोळ्या सुटायच्या, असं ठरलंय. ते रुमाल सोडतात.

आणखी दोन वर्षं पुढे या. 1759 मध्ये व्होल्टेअर यांची 'कांदीद' ही कादंबरी प्रसिद्ध झाली आहे. तिचा नायक पोर्ट्समथला पोहोचतो, तर समोर एका ॲडमिरलला गोळ्या घातल्या जाताहेत. कारण विचारल्यावर मिळालेल्या उत्तराच्या शेवटी हे शब्द येतात: 'पूर आंकुराजे लेझोत्र', म्हणजे इतरांना हुरूप यावा म्हणून. लिहिणाऱ्याने हे दुरून गंमत म्हणून लिहिलेलं नाही. बिंग जिवंत असताना, मिनॉर्का जिंकणाऱ्या रिशेल्यू यांचं बिंग यांची बाजू घेणारं पत्र व्होल्टेअर यांनीच इंग्लंडला धाडलं होतं. माणूस वाचला नाही, तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांचं तर्कशास्त्र जगासमोर उघडं पाडलं. इंग्रजांनी ते शब्द अनुवाद न करता जसेच्या तसे उचलले. एकाला जबर शिक्षा करून बाकीच्यांना जरब बसवायची असेल, तिथे ते आजही फ्रेंचमध्येच वापरले जातात.

काही इतिहासकार म्हणतात, या शिक्षेनंतर ब्रिटिश कप्तान खरोखरच अधिक त्वेषाने लढू लागले. असेलही. पण 'रामिलीज'च्या डेकवर तुम्ही जे ऐकलंत, ते विसरू नका. मॅथ्यूज यांच्या शिक्षेने बिंग यांनाही धडा दिलाच होता, आणि तोच त्यांना नडला. पुढे जाल तर बडतर्फी, मागे राहाल तर मृत्यू, अशा कात्रीत सापडलेला सेनापती शत्रूआधी स्वतःच्या न्यायालयाकडे पाहणारच. 1779 मध्ये देहदंडाची सक्ती करणारा तो नियम सैल झाला आणि न्यायालयाला हलकी शिक्षा देण्याची मोकळीक मिळाली. बिंग यांना 22 वर्षं उशिराच. 2007 मध्ये वंशजांनी त्यांच्यासाठी माफी मागितली. ब्रिटिश सरकारने ती नाकारली.

कुणी 'एकाला अद्दल घडली की बाकीचे सुधारतील' म्हणालं, तर आपण दोन गोष्टी विचारल्याच पाहिजेत: त्या एकाचा गुन्हा शिक्षेएवढा होता का, आणि बाकीचे त्यातून नेमकं काय शिकले?