ओळंबा आणि प्रतिध्वनी

नाहूरच्या खाडीकाठी जन्मलेल्या माणसाने समुद्राच्या तळावरील चढउतारांविषयी लेख लिहावा, याचे कित्येक ज्ञातिबांधवांस नवल वाटेल. आपली खाडी ती केवढी आणि तिची खोली ती काय! ओहोटी लागली की गुडघाभर चिखल. त्यात हाताने निवट्या-चिंबोऱ्या धरणाऱ्या आपल्या आयाबहिणींस तळ कोठे आहे हे कोणत्या यंत्राने सांगावयाचे? तो त्यांच्या पायांखालीच असे. परंतु काळ पालटला. कित्येक मिठागरे ओस पडली, खाडी गाळाने उथळ होत गेली, २००६ साली नाहूरला रेल्वेचे स्थानक झाले, २०१५ साली ठाणे खाडीचा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला. आणि आपल्या घरांतील जी थोडी मुले अजून दर्यावर जातात, ती दूरच्या बंदरांतील नौकांवर खलाशी म्हणून जातात. तेथे त्यांच्या हाती फिश फाइंडर येतो. त्याची हकीकत या वार्षिकांकात यावी असे आम्हांस वाटले, त्यास एक घरगुती कारण घडले. ते पुढे येईलच.

पाण्याची खोली मोजण्याचे आपले जुने साधन म्हणजे दोरीस बांधलेला शिशाचा ओळंबा. दोन्ही हात पसरून जेवढी दोरी मापली जाई ती एक वाव, म्हणजे सुमारे सहा फूट. शिशाच्या बुडाच्या खळगीत चरबी भरण्याचा दर्यावर्द्यांचा प्रघात होता. तिला वाळू, गाळ वा शिंपल्यांचा चुरा चिकटून वर येई आणि खोलीबरोबर तळाची जातही कळे. हे साधन निर्दोष होते असे मात्र कोणी समजू नये. प्रवाहाच्या ओढीने दोरीस पोट येते, ती तिरपी जाते आणि पाणी असते त्याहून खोल भासते. ओळंबा चुकला तर खोलीच्या बाजूस चुकतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

नव्या यंत्राचा जन्म एका अपघाताच्या छायेत झाला. १९१२ साली टायटॅनिक जहाज हिमनगावर आदळून बुडाले. पाण्यात नाद सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून हिमनग आगाऊ ओळखता येईल काय, याचा शोध जर्मनीत अलेक्झांडर बेम यांनी चालविला. हिमनगाचे काम साधले नाही, पण समुद्राचा तळ उत्तम प्रतिध्वनी देतो हे त्यांस आढळले आणि १९१३ साली त्यांस या युक्तीचे पेटंट मिळाले. समुद्राच्या पाण्यात नाद एका सेकंदास सुमारे १५०० मीटर धावतो. जाण्यायेण्याचा वेळ मोजला की खोली निघते. १९२५ ते १९२७ या काळात 'मेटिओर' या जर्मन जहाजाने दक्षिण अटलांटिकात या रीतीने ६७,००० च्या वर मापे घेतली. आपल्या अरबी समुद्रात १९३३-३४ साली 'मबाहिस' हे इजिप्तचे जहाज सेमूर सेवेल यांच्या नेतृत्वाखाली हेच यंत्र घेऊन फिरले आणि कार्ल्सबर्ग नावाच्या बुडालेल्या पर्वतरांगेच्या मधोमध खोल दरी असल्याचे त्याच्या नोंदींत दिसून आले. तळ मोजणारे हे यंत्र मासे दाखवू लागले ते अनुभवाने. व्यवहारात चालेल असा फिश फाइंडर १९४८ साली जपानात फुरुनो बंधूंनी सिद्ध केला. तेथील कोळ्यांनीही प्रथम त्याची थट्टाच केली, असे सांगतात. दर्यावरचा माणूस सर्वत्र सारखाच!

मुंबईसमोरचा समुद्रतळ सुमारे ३०० किलोमीटरपर्यंत इतका हळूहळू उतरत जातो की येथल्या माणसास पाण्याखालचा कडा म्हणजे काय हे सहसा ठाऊक नसते. दक्षिणेकडे हा उथळ पट्टा अरुंद होत जातो. विजयदुर्गच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरांवर अंग्रिया बँक नावाचे बुडालेले प्रवाळाचे पठार आहे. उत्तर-दक्षिण अदमासे ४० किलोमीटर, रुंदी १५ किलोमीटरांच्या सुमारास. माथ्यावर पाणी अवघे २० मीटर आणि बाजू मात्र एकदम खाली गेलेल्या. ज्यांच्या नावाने ते ओळखले जाते, त्या सरखेल कान्होजी आंग्र्यांस मराठी घरात परिचयाची गरज नाही.

याच पठाराच्या कडेवर आमच्या एका भाच्याची नौका गळ टाकण्यास गेली होती. नौकेवर नवे यंत्र होते; विकणाऱ्याने ते बसवून देताना 'सर्व आपोआप होते, हात लावू नका' असे बजावले होते. पडद्यावर तळाचा जाड तांबडा पट्टा, खोली ४४ वाव, आणि मासळीची एकही खूण नाही. तरुण मंडळी नौका हलविण्याच्या बेतात होती. वृद्ध तांडेलाने भरती-ओहोटीच्या मधल्या संथ पाण्यात, दोरी उभी राहील अशा वेळी, ओळंबा सोडला. तो टेकला ५० वावांवर. त्याच दोरीच्या मापाने गळ सोडले तेव्हा गोबरे आणि तांबोशी वर आली.

मग ती मासळी यंत्रास का दिसली नाही? भाच्याने हा प्रश्न आम्हांस पत्राने विचारला आणि त्याचा उलगडा करण्यात आमचे काही आठवडे गेले. यंत्राचा नाद दोरीसारखा सरळ रेषेत जात नाही. तो उपड्या नरसाळ्यासारखा पसरत जातो. सपाट तळावर सर्वांत जवळची जागा नौकेच्या बरोबर खाली असते, म्हणून माप खरे येते. उतारावर नरसाळ्याची वरच्या अंगाची कड आधी तळास लागते. तेथला प्रतिध्वनी आधी परततो आणि यंत्र त्यालाच तळ समजते. तळ तीस अंशांनी उतरता असून खाली ५० वाव पाणी असेल, तर ४० अंशांचे रुंद नरसाळे ४४ वाव दाखवील. मधल्या सहा वावांत, कड्याला बिलगून असलेली मासळी तळाच्या पट्ट्यात गडप होते. ओळंबा चुकतो तो खोलीकडे, यंत्र चुकते ते उथळाकडे. जहाज हाकणाऱ्यास ही चूक सुरक्षित आहे, गळ टाकणाऱ्यास नाही.

उपाय यंत्रातच आहेत, मात्र ते 'आपोआप' होत नाहीत. बहुतेक यंत्रांत दोन नाद असतात. ५० किलोहर्ट्झचा खोल जातो पण फार पसरतो. २०० किलोहर्ट्झचा साधारणतः १० ते १२ अंशांतच राहतो. शंभर-दीडशे मीटरपर्यंतच्या कड्यावर दुसरा निवडावा. वरच्याच उदाहरणात १० अंशांचे नरसाळे ४८ वाव दाखविते. नंतर गेन, म्हणजे प्रतिध्वनी वाढविण्याचे प्रमाण, हाताने इतके उतरवावे की जाड पट्टा आटून तळाची कड स्पष्ट व्हावी. फार उतरविल्यास लहान मासळीची खूणही जाते, म्हणून येथे घाई कामाची नाही. नादाचा ठोका आखूड ठेवावा. सेकंदाच्या सहस्रांशाइतका ठोका पाण्यात दीड मीटर लांब असतो, आणि त्याच्या निम्म्याहून कमी अंतराने तळापासून सुटलेली मासळी वेगळी दिसूच शकत नाही. रेंजही हातानेच बांधावी, नाहीतर उतारावर ती घडीघडी बदलून चित्र उड्या मारते.

अरुंद नरसाळ्याचा एक तोटा सांगितलाच पाहिजे. नौका लाटेवर कलली की तेही कलते आणि माप हेलकावे खाते. म्हणून वेग मंद हवा आणि नौकेच्या बुडाशी बसविलेला ट्रान्सड्यूसर नीट सपाट हवा. आणखी असे की, पडद्याची उजवी कड तेवढी आताची. डावीकडचे सारे चित्र मागे पडलेल्या पाण्याचे असते. कड्यावर चार नौकांइतके अंतर म्हणजे निराळाच समुद्र. यासाठी खोल पाण्याकडून उथळाकडे आणि पुन्हा त्याच रेषेने माघारी, अशी दोनदा नौका नेऊन पाहावी.

हे सर्व आम्ही भाच्यास लिहून कळविले. पुढील फेरीस त्याच जागी यंत्राने ४८ वाव दाखविले. पट्टा बारीक झाला होता आणि त्याच्या वर, बोटभर सुटून, चारदोन ठिपके उमटले होते. तांडेलाने तरीही ओळंबा सोडलाच. ५० वाव, आणि चरबीला पांढरा प्रवाळाचा चुरा.